मधलं दार

नंदलाल शिंप्याच्या दुकानात तुलसीरामकाका सुईत दोरा ओवत होते आणि इंद्रदेव रस्त्याच्या पलीकडे उभा राहून बघत होता. झालं ते एवढंच. बेटाच्या राजधानीतली, पोर्लुईतली ती सकाळ इतर सकाळींसारखीच होती. बंदराकडून साखरेच्या पोत्यांचा आंबूस वास येत होता, बसच्या टपावर कोणी कोबीच्या पाट्या चढवत होतं, आणि इंद्रदेव बोटीच्या कचेरीत परतीच्या तिकिटावर शिक्का मारून घेऊन नुकता बाहेर पडला होता. तिकीट कोटाच्या आतल्या खिशात होतं. बोट उद्या, शनिवारी. बस सुटायला वेळ होता म्हणून तो सावली शोधत शिंप्याच्या दुकानासमोर आला, तर आत काका. नंदलाल आता म्हातारा झालेला, नजर अधू; दुकानात जो कोणी टेकेल त्याच्या हातात तो आधी सुया नि दोरा देतो आणि मग ख्यालीखुशाली विचारतो. काकांनी दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, सुई उजेडाकडे धरली, आणि पहिल्या झटक्यात दोरा आरपार. मग दुसरी सुई. मग आणखी एक. नंदलाल काहीतरी बोलला, काका मान मागे टाकून हसले, आणि हसतानासुद्धा सुई धरलेला हात जागचा हलला नाही. हा हात गेला महिनाभर घरात चहाचा कपसुद्धा धरू शकत नव्हता. कप उचलला की थरथर, बशीत खळखळ, आणि मग इंद्रदेवच पुढे होऊन रोज सकाळी काकांच्या ओठांशी कप धरायचा. वयानं एवढ्या मोठ्या माणसाला पाजताना त्याला दरवेळी गलबलून यायचं, आणि काका डोळे मिटून, अगदी आज्ञाधारकपणे, घोट घोट प्यायचे. आणि आता बघा! सुया ओवतायत. एकेका झटक्यात.

पलीकडे जाऊन हाक मारावी असं त्याला क्षणभर वाटलं. पाय हलले नाहीत. उलट तोच चोरासारखा खांबाआड सरकला, आणि आपण का लपतोय याचा त्याला संताप आला. लबाडी त्यांची आणि लपतोय मी! पण काकांना त्या हातासकट पकडायचं त्याच्यानं धाडस होईना. वडील गेले तेव्हा इंद्रदेव चालायला लागला होता. काकांनी त्याला त्याच हातानं खांद्यावर बसवून उसाच्या सऱ्यांतून फिरवलं होतं, क्यूरपीपच्या कॉलेजात नेऊन बसवलं होतं, आणि तीन वर्षांपूर्वी धक्क्यावर त्याची कॉलर नीट केली होती. मळ्यावर सिरदार म्हणून पन्नास माणसांना एका बोटानं हलवणारा हात तो. म्हणूनच बसंतीच्या लग्नानंतरच्या गोंधळात तो थरथरायला लागला तेव्हा इंद्रदेवच्या काळजाचं पाणी झालं.

बसंती त्याची धाकटी बहीण. तिच्या लग्नासाठी म्हणून तर तो सुट्टीत एवढा समुद्र ओलांडून आला होता, एक वर्षाचं शिक्षण बाकी ठेवून. लग्न झालं, आणि घरच्या रिवाजाप्रमाणं दिवेलागणीला अंगणात गोंधळ मांडला. तांदळाचा चौक, त्यावर कलश, पितोंहून आलेले भाऊबंद, कृष्णदेवमामांच्या गळ्यात संबळ. काकांच्या हातात पेटती दिवटी होती. संबळ तापलं, देवीला हाका सुरू झाल्या, आणि काकांचा हात थरथरू लागला. आधी थोडा, मग चांगलाच. जळतं तेल सांडलं, एक ठिणगी बसंतीच्या नव्या लुगड्यापाशी पडली. "आयो!" करून बायका मागे सरल्या. इंद्रदेव पुढे झाला आणि त्यानं काकांच्या हातातली दिवटी आपल्या हातात घेतली. त्यात विचार असा काही नव्हताच. तीन वर्षं जिथं काढली तिथली रीतच तशी होती. म्हातारे प्रोफेसर कागदांचे गठ्ठे घेऊन जिना चढताना दिसले की पहिल्या पायरीवरच्या विद्यार्थ्यानं हात पुढे करायचा, गठ्ठा घ्यायचा, आणि वर नेऊन द्यायचा. दिवटीही त्यानं अशीच घेतली, वर नेऊन द्यायला. पण संबळ थांबलं. सगळं अंगण त्याच्याकडे बघत राहिलं. मग कृष्णदेवमामांनी कपाळाला हात लावून "उदो!" केला, त्यामागं सगळ्यांनी, आणि बायका कुंकवाची कोयरी घेऊन त्याच्याकडे धावल्या. तो कोणी आभार मानल्यावर हसावं तसा संकोचून हसत उभा होता. आई पदरात तोंड लपवून रडत होती, तेव्हा कुठं त्याला आठवलं.

आठवलं म्हणजे काय, ते कधी विसरण्यासारखं नव्हतंच. लहानपणी दर गोंधळात कोणी ना कोणी सांगायचंच. पणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या कामावर इकडे आले तेव्हा त्यांनी घरची दिवटी लुगड्यात गुंडाळून आणली. वाटेत वादळ झालं, बोटीवर माणसं मेली. पणजोबांनी देवीला कबूल केलं, आई, या खेपेला पार लाव, पुन्हा तुला समुद्र दाखवणार नाही, आणि तुझी दिवटी ज्याच्या हातात असेल तोही समुद्र ओलांडणार नाही. तेव्हापासून या घरात पेटत्या दिवटीला एकच धनी. ती कोणी कोणाला देत नाही. पुढच्यानं आपणहून हात घालून घ्यायची. पेटलेली असताना खाली ठेवायची नाही, कायमची विझवून पेटी-फडताळात टाकायची नाही. घेतली की घेतली. पणजोबांकडून आजोबांनी घेतली, आजोबांकडून वडिलांनी, आणि वडील तापात होते तेव्हा काकांनी. काकांना मुलगा नाही, एक मुलगी, कुंती. सगळ्या नात्याला ठाऊक होतं की काकांच्या मागं दिवटीचं काय हा प्रश्न आहे, आणि इंद्रदेव तिकडे गेल्यापासून त्याबद्दल त्याच्यासमोर कोणी चकार शब्द काढत नव्हतं. आणि त्यानं काय करावं? भर चौकात, शंभर माणसांसमोर, आपल्या हातानं घ्यावी! गाढव, गाढव, असं तो त्या खांबाआडून स्वतःला म्हणाला. काका अजून हसतच होते.

गावाकडे, सें पिएरला जाणाऱ्या बसमध्ये त्याला खिडकीजवळ जागा मिळाली. खिडकी उघडेना. काच खाली सरकवायची कडी कोणीतरी तोडून नेली होती. शेजारी शांतीमावशी येऊन बसली. नात्यानं मावशी नव्हे, गल्लीतली, पण मांडीवर दिपेंची, म्हणजे पावांची, पिशवी आणि तोंडात सतत काहीतरी विचारणं असल्यामुळं सगळ्यांचीच मावशी. "की मान्येर, इंद्रू? बरा हायस?" असं क्रियोलमध्ये सुरू करून ती मराठीवर, 'मग'ला 'मां' म्हणणाऱ्या बेटावरच्या मराठीवर, आली. "मां त्या तुझ्या लिनिव्हर्सितेतलं सांग काहीतरी. बैठकेत त्या दिवशी सांगितलंस ते मला कमरदुखीनं ऐकाया जमलं नाय." लिनिव्हर्सिते म्हणजे त्याचं विद्यापीठ. गेला महिना तो गावाला तेच सांगत होता. रविवारी बैठकेत, म्हणजे गावकीच्या खोलीत, लग्नाच्या पंगतीत, न्हाव्याकडे. सुरुवातीला त्याला ते सांगायला फार आवडायचं. सांगताना आपण तिकडे आहोत असं वाटायचं. हल्ली मात्र बोलताना एकदम एखादी गोष्ट हरवायची. परवा विद्यापीठाच्या जेवणघरातल्या सूप वाढणाऱ्या बाईचं नाव आठवेना, आणि तो घामाघूम झाला.

तरी त्यानं मावशीला सांगितलं, कारण न सांगता सुटका नव्हती. बेल्जियममधल्या एका नदीकाठच्या शहरात ते विद्यापीठ आहे, आणि तिथं दुसरं तिसरं काही नाही, फक्त व्यापार शिकवतात. "व्यापार शिकायला शाळा?" मावशी हसली. "आमच्या कोपऱ्यावरच्या चिन्याला कोणी शिकवला?" तिच्या म्हणण्यात काही खोटं नव्हतं. त्या शहरातले लोकरीचे व्यापारी असंच म्हणायचे म्हणे. पण त्यांची पोरं गादीवर बसली आणि परदेशचे करारमदार वाचता येईनात, भलत्याच अटींवर सह्या करून बसली. तेव्हा चार म्हाताऱ्या व्यापाऱ्यांनी जुन्या लोकरबाजारातच वर्ग भरवला. पुढे त्याचं विद्यापीठ झालं, पण इमारत तीच राहिली. वरच्या तुळयांना गठ्ठे टांगायचे आकडे अजून तसेच; विद्यार्थी त्यांना ओले कोट टांगतात, आणि पावसाळी दिवसांत सगळ्या दालनात कुबट, मेंढराचा वास सुटतो. दालनांना नावं मालाची. मिरीचं दालन, मिठाचं दालन, साखरेचं दालन. "साखरेचं!" मावशीला हे फार आवडलं. तिनं मागच्या बाकावरच्या बाईलाही ते सांगितलं. त्या दालनाच्या भिंतीवर काय रंगवलं आहे ते मात्र इंद्रदेवनं मावशीला सांगितलं नाही. बैठकेतही सांगितलं नव्हतं.

त्या भिंतीवर एक बेट होतं. निळा समुद्र, माड, गलबत, पांढऱ्या टोपीतला गोरा माणूस हातात दुर्बीण धरून, आणि मागं हिरव्या पट्ट्यात काळपट ठिपके. पहिल्या वर्षी वसाहतींच्या व्यापाराचे प्रोफेसर काठीनं एकेक गोष्ट दाखवत होते. हे बंदर, हे कोठार, आणि हा मजुरांचा पुरवठा, म्हणताना काठीचं टोक त्या ठिपक्यांवर टेकलं होतं. तास संपेपर्यंत तिथंच टेकलेलं राहिलं, कारण ते पुढचं बोलण्यात रंगले होते. इंद्रदेवला त्या टोकाखालून नजर काढता येईना. त्याच्या आधीच्या आठवड्यात नव्या विद्यार्थ्यांचं वजन झालं होतं. तीही तिथली जुनी रीत; लोकर तोलायच्या अवाढव्य तराजूत प्रत्येक नवख्याला बसवायचं, आणि वरच्या वर्गातल्यांनी रंगीत टोप्या घालून मोठ्यानं पुकारा करायचा, माल कुठला, प्रत कशी. सगळे हसतात, बिअर पितात, गाणी म्हणतात. त्याची पाळी आली तेव्हा कोणीतरी ओरडलं, "साखर! कच्ची, न धुतलेली!" तोही हसला. अगदी सगळ्यांबरोबर, सगळ्यांएवढंच. तेव्हा तराजूच्या पारड्यात गुडघे पोटाशी घेऊन लोंबकळताना त्याला जे वाटलं ते त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, आणि तरीही, खरं सांगायचं तर, त्याला परत तिथंच जायचं होतं. जीव तुटत होता. तिथं त्याला खोली होती, नदीवर उघडणारी, आणि त्या खोलीत तो कोणाचा पुतण्या नव्हता. आणि तिथं मधलं दार होतं.

लोकरबाजाराला तीन दारं होती. दोन बाजूंची, विद्यार्थ्यांची, आणि मध्ये एक प्रचंड, ओकच्या लाकडाचं, दोन गाड्या शेजारीशेजारी जातील एवढं. महायुद्धात समोरची भिंत जळली, परीक्षा तळघरात घेतल्या, पण दाराला काही झालं नाही. त्या दारातून विद्यार्थ्यानं एकदाच जायचं, पदवी हातात पडल्यावर, आणि तेही बाहेर. कोणी आधीच त्यातून गेला तर त्याचं शिक्षण पुरं होत नाही. लेखी नियम नव्हता तो. पहारेकरीही नव्हता. नुसता समज, त्यावर सगळे विनोद करायचे आणि सगळे तो पाळायचे. जूनमध्ये पदव्या झाल्या की एकेक जण त्या दारात यायचा, उन्हानं डोळे बारीक करायचा, आणि बाहेर उभी असलेली माणसं त्याचं नाव घेऊन ओरडायची. इंद्रदेव तीनही वर्षं त्या गर्दीत उभा राहून दुसऱ्यांच्या नावानं ओरडला होता. पुढच्या जूनमध्ये त्याचं नाव. त्यासाठी कोणी लागत नव्हतं तिथं, आई नको, काका नको, यान होता. यान त्याचा मित्र, रंगाऱ्याचा मुलगा, कशालाच न मानणारा. इंद्रदेव घरी यायला निघाला त्या दिवशी तर एक मोठा पियानो आत न्यायचा म्हणून मधलं दार सताड उघडं होतं. पाऊस कोसळत होता, इंद्रदेवच्या हातात ट्रंक, गाडीची वेळ झालेली. "चल की यातून!" यान दारातच उभा राहून म्हणाला. "नुसतं दार आहे रे!" इंद्रदेव थांबला. पियानो वाहणारी माणसं त्याच्याकडे बघायला लागली. मग तो मागे फिरला, सगळ्या इमारतीला वळसा घालून बाजूच्या दारानं बाहेर पडला, आणि यानपर्यंत आला तेव्हा चिंब भिजून गेला होता. यान खो खो हसत होता. "तू ना, जन्मभर वळसेच घालशील," असं म्हणून त्यानं ट्रंक उचलली.

"पण आता तू जायचा नायस नव्हं," शांतीमावशी म्हणाली. इंद्रदेवनं दचकून बघितलं. "धनी झालास ना आता दिवटीचा. बरं झालं बाबा. तुलसीभाऊ किती झुरत होता." मागच्या बाकावरच्या बाईनं पुढे वाकून त्याच्या खांद्याला हात लावला आणि तो हात स्वतःच्या कपाळाला लावला. बस मोकाच्या चढावर धापा टाकत होती. दोन्ही बाजूंनी ऊस, माणसाच्या दुप्पट उंच, काचेला पाती घासत जाणारा, आणि आत गरम हवा. त्यानं खिडकीच्या काचेला तळव्यानं रेटा दिला. हलली नाही. "मोडलेली हाय ती," मावशीनं समजावलं. खिशातलं तिकीट त्याला छातीपाशी टोचत होतं. उद्या सकाळी जायचं, कोण अडवणार आहे? बेड्या आहेत का? पोलीस आहेत का? नुसती दिवटी आहे, असं तो सें पिएर येईपर्यंत स्वतःला यानच्या आवाजात सांगत राहिला.

त्याची आई हिरा अंगणात बसून भाताला लागणारे ब्रेद निवडत होती. ती हिरवी पालेभाजी निवडताना तिला हाताखाली दुसरं काही नको असतं. त्यानं कोट काढला नाही. "आई, काकांचा हात थरथरत नाय," तो म्हणाला. आईनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. "नाय थरथरत," ती म्हणाली. "तुला माहीत होतं?" "पहिल्याच सकाळी कळलं. कप एवढा हलतो आणि बशीच्या भायेर एक थेंब जात नाय? मी काय आंधळी हाय?" त्याला हसू आलं. "मग बोलली का नायस?" आईनं मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते, आणि त्याचंच त्याला जास्त भय वाटलं. "तू रोज त्यांना च्या पाजत होतास," ती म्हणाली. "मी तुमाला दोघांना दारातनं बघत होते. तू गेलास की परत यायचा नायस, ते मला तू धक्क्यावर उतरलास तवाच कळलं होतं. तुझ्या तोंडावर लिवलेलं होतं. मां मी कशाला बोलू? मला चांगलं वाटत होतं ते." मग ती पुन्हा पाला निवडायला लागली. त्याला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, आणि दुसरा काही रस्ता नाही असं वाटून तो ओट्यावर मटकन बसला.

काका संध्याकाळच्या बसनं आले. आल्या आल्या त्यांनी नेहमीसारखा हात थरथरवत टोपी काढली, आणि इंद्रदेव म्हणाला, "नंदलालच्या सुया ओवून झाल्या?" टोपी हवेतच राहिली. थरथर थांबली. काकांनी टोपी खुंटीला अडकवली, पहिल्याच खेपेला, आणि त्याच्या शेजारी ओट्यावर येऊन बसले. कुंती आत दिवा पुसत होती, तिचा पुसण्याचा आवाज थांबला. "त्या दिवशी खरा थरथरला," काका म्हणाले. "देवीच्यान सांगतो. संबळ वाजत होतं आणि मी तुज्याकडं बघितलं. तू असा उभा होतास, पावण्यासारखा. कोणाच्या तरी घरचा गोंधळ बघाया आलेला. मला वाटलं, माज्या मागं ही इथंच विझणार. आणि हात थरथरला. माज्या हातात नव्हतं ते." ते आपल्या हाताकडे बघत होते. "मां तू घेतलीस. तू घेतलीस तसा हात थांबला. तवाच. दुसऱ्या दिवशी उठलो तर दगडासारखा. मला भ्या वाटलं, इंद्रू. चांगला हात बघितलास तर तू म्हणशील, घ्या काका, तुमची तुमी. म्हणून हलवत ऱ्हायलो. लय दुखतो हलवून हलवून. खांद्यापास्न दुखतो." आणि मग या एवढ्या मोठ्या सिरदारानं, ज्याच्या आवाजानं मळ्यावरचे बैल उभे राहायचे, दोन्ही तळव्यांत तोंड लपवलं. इंद्रदेवला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. आणि त्याच वेळी ओरडावंसंही वाटलं, की मग मी काय करू, माझं काय, माझं एक वर्ष राहिलंय! तो ओरडलाच. इतका मोठ्यानं की कुंपणापलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं. "गेल्या साली एवढं वादळ झालं," काका तळव्यांतूनच म्हणाले, "छप्पर गेलं, भिंत गेली. मी दिवटी पोटाशी धरून उखळामागं पडून होतो. तू नव्हतास. मी तुला दोष देत नाय. आले, जा तू. जायचं तर जा. मी भाऊबंदांना सांगेन, माजंच पाप हाय." आले म्हणजे जा, मराठीतलं जा त्यांच्या तोंडून धड निघेना म्हणून आधी क्रियोलमधलं निघालं.

म्हणजे दार उघडलं होतं. इंद्रदेवला ते कळलं, आणि कळल्याबरोबर छाती मोकळी व्हायला हवी होती, ती झाली नाही. शुक्रवार होता. शुक्रवारी दिवे लागले की देवघरात दिवटी पेटवून आरतीपुरती हातात धरायची, मग तिची ज्योत समईला देऊन तिला शांत करायची, हा नेम. गोंधळापासून तो इंद्रदेवच पाळत होता. आजही तोच उठला, हातपाय धुतले, कोट काढून ठेवला. चिंध्या तेलात भिजल्या, पेटल्या, आणि देवघराची भिंत पिवळी झाली. आई दाराशी उभी राहिली. काका ओट्यावरून उठून आत आले, पण मागंच थांबले. कुंतीनं आरती धरली. आरती काय, गोंधळातली सगळी पदं तिला पाठ होती. बैठकेत पोरांना मराठी अक्षरं शिकवते तीच, आणि काका ज्या ओळीला अडायचे ती ओळ कुठूनतरी आतून पुरवायची तीही तीच. इंद्रदेवला मात्र दुसऱ्या कडव्यानंतर नुसते ओठ हलवावे लागत. आरती संपली. आता ज्योत समईला द्यायची. कुंती वळली, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला, आणि उजवा हात त्याच्यापुढे केला.

"दादा, मी घेते," ती म्हणाली. "मला कुठं जायचं नाय. मला सगळं येतं. तू जा."

इंद्रदेवनं काकांकडे बघितलं. काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं, आणि मग नजर बाजूला, भिंतीकडे वळवली; तो नकार नव्हता. आईनं पदर तोंडाला लावला. या घरात बाईच्या हातात दिवटी कधी गेली नव्हती, पण तसं आत्ता कोणी म्हणत नव्हतं. सगळं इतकं सोपं झालं होतं. समोर तिचा हात होता, शाईचे डाग पडलेला, वाट बघणारा. नुसतं दार आहे रे, असं कोणीतरी हसत म्हणालं, पावसातून, फार लांबून. त्याला वाटलं, आता मूठ सैल करायची, एवढंच, आणि उद्या बोट, आणि जूनमध्ये ते ऊन, ती माणसं, ते नाव. आणि ओकच्या त्या उघड्या दारासमोर पियानोवाले आपल्याकडे बघत असताना जशी मान आपोआप खाली गेली होती, पाय आपोआप मागे फिरले होते, तशीच आता त्याची जीभ आपोआप फिरली.

"बाईमाणसानं नाय धरायची," तो म्हणाला.

आवाज त्याचा नव्हता. मळ्यावर पन्नास माणसांना ऐकू जाईल असा, खालच्या पट्टीतला, काकांचा होता. आणि काकांनीच दचकून त्याच्याकडे बघितलं. कुंतीचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तिनं तो परत घेतला आणि पदराला पुसला, जणू काही लागलं होतं. "बरं," ती म्हणाली. "मां धर तूच." ती त्याच्या बाजूनं निघून स्वयंपाकघरात गेली आणि आत भांड्यांचा आवाज सुरू झाला. आईनं सुटकेचा श्वास सोडला, अगदी ऐकू येईल असा. ज्योत समईला द्यायची राहून गेली होती. दिवटीचं तेल तापून दांड्यावरून ओघळलं आणि त्याच्या मनगटावर पडलं, एक थेंब, मग दुसरा, आणि कातडी चरचरली. काका पुढे झाले, "इंद्रू, तेल, तेल पडतंय," असं म्हणत राहिले. तो ज्योतीकडे बघत उभा होता. हात जराही थरथरला नाही.